छताच्या एका दिव्यामागची साठ वर्षांची वायर : प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

घर साठ वर्षांच्या आसपासचं. भिंतीत आणि स्लॅबमध्ये लोखंडी कन्ड्युट म्हणजे पाइप, त्यातून ओढलेल्या वायरी, लाकडी स्विचबोर्ड. मीटरजवळचा मुख्य बोर्ड तेवढा काही वर्षांपूर्वी बदललेला : पोर्सेलिनचे किटकॅट फ्यूज गेले, एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच, आले. तेव्हापासून घरात सगळे म्हणत, ‘आपलं वायरिंग नवीन आहे.’ खरं तर नवीन झाला होता तो फक्त डबा.

हॉलच्या छताला काचेचं झाकण असलेला दिवा होता, आत ६० वॉटचे दोन साधे बल्ब. बल्ब वारंवार जात, एका होल्डरची स्प्रिंग बसली होती, काच पिवळी पडली होती. घरमालकीणबाईंनी धातूच्या बॉडीचा २४ वॉटचा एलईडी दिवा आणला आणि भाच्याला बोलावलं. भाचा यंत्रांच्या कामातला, हात चांगला, पण घरगुती विजेचं काम त्याने फारसं केलेलं नव्हतं. दोन स्क्रू काढायचे, दोन वायरी जोडायच्या, की झालं, असं दोघांनीही धरलं होतं.

आणखी एक गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, पण ती कुणी मनावर घेतली नव्हती. याच सर्किटवरच्या शेजारच्या खोलीतला एलईडी बल्ब बटण बंद केल्यावरही मंद मिणमिणत राही. बल्ब हलका निघाला म्हणून बदलला, नवाही मिणमिणायला लागला, मग सवय झाली.

अडचण

भाच्याने हॉलचं बटण बंद केलं, स्टुलावर चढून काच उतरवली आणि होल्डरच्या टर्मिनलला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. दुसऱ्या टर्मिनलला लावला, तिथेही पेटला.

‘मावशी, बटण बंद आहे ना?’

‘बंदच आहे. इतकी वर्षं मी बटण बंद करूनच बल्ब बदलतेय.’

बटण खराब असेल म्हणून त्याने दोन्ही बल्ब काढून पुन्हा पाहिलं. आता टेस्टर एकाच वायरीला पेटत होता, आणि बटण चालू करा की बंद, त्या वायरीत काही फरक पडत नव्हता. हा या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा टप्पा. बटण तुटलं असेल असं म्हणून नवं बटण आणायला धावणं सोपं होतं. तो थांबला आणि उलट विचार केला : बटण नीट चालतंय, पण ते या वायरीवर नाहीच. ते दुसऱ्या वायरीवर, म्हणजे न्यूट्रलवर आहे.

बटण फेजवर, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या वायरीवर असायला हवं; न्यूट्रल ही परतीची वायर. ते न्यूट्रलवर असलं तरी दिवा लागतो आणि विझतो, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. फरक एवढाच की दिवा विझल्यावरही होल्डरमध्ये फेज तसाच उभा असतो. बल्ब जागेवर असेल तर फेज फिलामेंटमधून पलीकडच्या टर्मिनलपर्यंत पोचतो. म्हणून सुरुवातीला दोन्हीकडे टेस्टर पेटला. स्टुलावर उभं राहून होल्डरच्या पिनेला बोट लागलं तर झटका किती बसेल हा एक प्रश्न, आणि झटक्याने दचकून खाली पडल्यावर काय होईल हा दुसरा. दुसरा प्रश्न लोक विसरतात.

शेजारच्या खोलीतल्या मिणमिणण्याचं कारणही इथेच होतं. फेज कायम दिव्यापर्यंत आलेला, बटणाकडे जाणारी वायर लोखंडी पाइपाला लगटून गेलेली. त्या दोघांमध्ये कपॅसिटरसारखा परिणाम होऊन अगदी थोडा प्रवाह दिव्यातून वाहत राहतो. साध्या बल्बला तो जाणवत नाही, एलईडीला तेवढाही पुरतो. अर्थात मिणमिणणं म्हणजे दर वेळी उलटं वायरिंग असं नाही. इंडिकेटर असलेल्या बटणामुळे किंवा लांबपर्यंत शेजारून गेलेल्या वायरींमुळेही ते होतं. पण ते दिसलं की बल्ब बदलण्याआधी बटण कुठल्या वायरीवर आहे ते पाहावं.

भाच्याने मग मुख्य बोर्डावर जाऊन एकेक एमसीबी पाडून हॉलचं सर्किट शोधलं. एकाही एमसीबीवर नाव नव्हतं. योग्य तो पाडल्यावर टेस्टर विझला आणि त्याने दिवा खाली घेतला. वायरी थोड्याशा वाकल्या आणि त्यांच्यावरचं रबर जुन्या रबरबँडसारखं तडकून स्टुलावर पडलं. आतून उघडी चंदेरी तार दिसली. त्याने एमसीबी बंदच ठेवला, वायरींची टोकं एकमेकांपासून लांब केली, प्रत्येकीवर चिकटपट्टी गुंडाळली आणि ओळखीच्या वायरमनला फोन केला. इथे हात आवरला, हेच त्याचं या कामातलं सर्वांत उपयोगी योगदान असं मला वाटतं.

तपासणी

वायरमन वयस्क, अशा घरांत आयुष्य गेलेले. आल्या आल्या त्यांनी टेस्टर बाजूला ठेवायला लावला. ‘वीज आहे हे टेस्टर सांगतो. वीज नाही हे त्याला विचारू नका.’ निऑन टेस्टर आपल्या शरीरातून जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहावर पेटतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं असताना तो फेजलाही अंधुक पेटू शकतो, आणि शेजारच्या वायरीच्या प्रभावाने मेलेल्या वायरीलाही पेटू शकतो. साधा डिजिटल मल्टिमीटरही अशा प्रभावाने भलतेच व्होल्ट दाखवतो, कारण तो वायरीतून जवळपास प्रवाह घेतच नाही.

त्यांनी टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला साधा बल्ब, वापरला. आधी चालू असलेल्या दुसऱ्या सर्किटवर लावून तो पेटतो याची खात्री केली. मग हॉलच्या वायरींवर तीन प्रकारे लावला : दोन वायरींमध्ये, आणि प्रत्येक वायर व मुख्य बोर्डावरून लांब वायरीने आणलेली अर्थ यांच्यामध्ये. मग पुन्हा चालू सर्किटवर. अर्थशी तपासणं महत्त्वाचं, कारण न्यूट्रल कुठे तुटली असेल तर फेज असूनही दोन वायरींमध्ये दिवा लागत नाही.

दुसरा प्रश्न चंदेरी तारेचा. भाच्याचं म्हणणं, ही ॲल्युमिनियम. तसं असतं तर पुढची वाट वेगळी झाली असती. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दाबलं की हळूहळू पसरतं, तापताना तांब्यापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे जोड सैल होतो. पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर येतो जो वीज नीट वाहू देत नाही. त्याला तांब्याच्या वायरीशी नुसता पीळ देऊन जोडणं म्हणजे काही वर्षांनी तापणारा जोड तयार करणं. त्यासाठी दोन्ही धातूंसाठी बनवलेले कनेक्टर लागतात. वायरमननी चाकूच्या टोकाने तार हलकेच खरवडली. आत तांबूस रंग. म्हणजे कथील चढवलेलं तांबं. व्हल्कनाइझ केलेल्या रबरातलं गंधक तांब्याला खातं, म्हणून रबरी वायरींच्या काळात तारेवर कथिलाचा मुलामा देत. ॲल्युमिनियम खरवडलं तरी आतून चंदेरीच राहतं. दहा सेकंदांची ही तपासणी, पण ती न करता बऱ्याच जणांनी चुकीचा कनेक्टर घेतलेला पाहिलाय.

रबर इतकं वाईट फक्त दिव्याजवळ का झालं, याचं उत्तर दिव्यातच होतं. साध्या बल्बला मिळणाऱ्या विजेपैकी ९० टक्क्यांहून जास्त भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. बंद काचेत दोन बल्ब म्हणजे शंभर वॉटपेक्षा जास्त उष्णता, आणि ती वर चढून नेमकी वायरी जिथे आत येतात तिथे साठते. शेवटची वीतभर वायर सगळ्यात जास्त भाजलेली.

रंगाचा आधार इथे नव्हताच. दोन्ही वायरींवरचं सुती विणकाम मळून काळं झालेलं. रंग दिसले असते तरी त्यावर विसंबता आलं नसतं. जुन्या पद्धतीत फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. आजच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत फेज तपकिरी, न्यूट्रल निळी, अर्थ हिरवी-पिवळी. आणि उत्तर अमेरिकेत काळी वायरच फेज असते, न्यूट्रल पांढरी. जुन्या घरात एकाच पाइपात दोन काळ एकत्र नांदतात.

त्यानंतर मेगर, म्हणजे वायरीवरच्या आवरणाचा (इन्सुलेशनचा) रोध मोजणारं यंत्र. सर्किटवरचे सगळे बल्ब, पंख्याचे रेग्युलेटर, सॉकेटमधली उपकरणं काढली, कारण मेगरचं ५०० व्होल्ट डीसी त्यांच्यात गेलं तर इलेक्ट्रॉनिक भाग मरतात. मुख्य बोर्डात सगळ्या न्यूट्रल जिथे एकत्र जोडतात त्या न्यूट्रल बारमधून न्यूट्रल सोडवली आणि दोन्ही वायरी एकत्र करून अर्थशी मोजलं : ०.३ मेगाओहम. अशा घरगुती सर्किटसाठी किमान १ मेगाओहम अपेक्षित असतो. मग हॉलच्या स्विचबोर्डात छताकडे जाणाऱ्या वायरी वेगळ्या करून उरलेलं सर्किट मोजलं : २.४. बहुतेक सगळा दोष त्या एका उतारात, म्हणजे स्विचबोर्डापासून दिव्यापर्यंतच्या वायरींत, होता. पुढचे सगळे निर्णय या दोन आकड्यांवर उभे राहिले, म्हणून ते इथे मुद्दाम दिले आहेत.

फेज-न्यूट्रल उलट कुठे झालं हे शोधायला सर्किट परत चालू करून प्रत्येक स्विचबोर्ड आणि सॉकेट तपासलं. जवळपास सगळीकडे उलट. म्हणजे चूक एका दिव्यापाशी नव्हती, मुळाशी होती. जुन्या किटकॅट बोर्डात फेज आणि न्यूट्रल दोन्हींना फ्यूज असायचे. एमसीबी बसवताना कुठली वायर न्यूट्रल बारला जायची हे ओळखणं आलं. दोन्ही काळ्या, कुणीतरी अंदाज घेतला असावा, आणि दिवे लागले म्हणून काम संपलं. दुसऱ्या सर्किटने इथली न्यूट्रल उसनी घेतली आहे का, ही शंका मात्र याच चुकीने परस्पर मिटली. तसं असतं तर सिंगल फेजच्या या घरात उसनी न्यूट्रल घेणाऱ्या दिव्याच्या दोन्ही टोकांना फेजच आला असता आणि तो लागलाच नसता. घरात न लागणारा दिवा एकही नव्हता.

पर्याय

पहिला पर्याय भाच्याचा : तडकलेल्या टोकांवर स्लीव्ह चढवायची, नव्या कनेक्टरने दिवा जोडायचा. काम लगेच झालं असतं. अडचण अशी की स्लीव्ह हाताला लागेल तेवढ्याच भागावर चढते. पाइपाच्या आतल्या भागात काय आहे ते दिसत नाही, आणि ०.३ हा आकडा सांगत होता की आतही बरं नाही.

दुसरा, काहीच न बदलता जुनंच फिटिंग परत टांगून त्यात एलईडी बल्ब घालायचे. उष्णता खूप कमी होते, त्यामुळे रबराची पुढची झीज मंदावते. दहा वर्षांपूर्वी केलं असतं तर हे उत्तम ठरलं असतं. आता रबर तडकलेलंच होतं.

तिसरा, हॉलचा उतार पूर्ण नवा ओढायचा, उलटसुलट दुरुस्त करायची, बाकीचं सर्किट तूर्त तसंच.

चौथा, सगळ्या घराचं वायरिंग नव्याने. वायरमनचं मत ठामपणे याच बाजूचं होतं. ‘ताई, आज एक ओढलं तर उद्या दुसरं तुटणार. रबर कुठलंच तरुण नाही.’ त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण घराचं रंगकाम पुढच्या वर्षी ठरलेलं होतं, आणि भिंती दोनदा फोडायला बाई तयार नव्हत्या.

माझ्या मते इथे खरा मुद्दा ‘जुनं म्हणजे धोकादायक’ हा नव्हता. न हलवलेलं, न तापलेलं रबर पाइपात बरीच वर्षं टिकतं. ते तुटतं हात लावल्यावर. म्हणून सगळीकडे हात लावण्यापेक्षा, जिथे आकडा वाईट तिथे पूर्ण काम आणि बाकीचं शक्य तितकं न हलवता, हा विचार मला पटतो. तिसरा पर्याय निवडला गेला, चौथा तारीख ठरवून पुढे ढकलला गेला.

राहिला अर्थचा प्रश्न. आणलेला दिवा धातूचा, त्याला अर्थ लागतेच. छतापर्यंत अर्थची वायर नव्हती. लोखंडी कन्ड्युटलाच अर्थ मानायची जुनी पद्धत आहे, पण इतक्या वर्षांनी त्याचे सांधे गंजलेले असतात, आणि सलगता आज मिळाली तरी उद्याची खात्री नाही. दिवा बदलून दुहेरी इन्सुलेशनचा घेणं हा सोपा मार्ग होता. अशा दिव्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते आणि त्याला अर्थ लागत नाही. नुसता दिव्याचा विचार केला तर मी हाच मार्ग सुचवला असता. पण हॉलच्या बोर्डातल्या तीन पिनांच्या सॉकेटची अर्थची पिनही मागून रिकामी निघाली. अर्थ तिथपर्यंत आणायचीच, तर पुढे दिव्यापर्यंत न्यायला फारसं जास्त काम नव्हतं. धातूचा दिवा राहिला.

कृती

उतारासाठी १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तीन पीव्हीसी वायरी घेतल्या. जुन्या वायरींच्या टोकाला नव्या बांधून थेट ओढायच्या नाहीत, हे वायरमननी आधीच सांगितलं. जुन्या वायरी मध्येच तुटल्या तर पाइप कायमचा अडतो. त्यांनी आधी पाइपात वायर ओढायची लवचिक स्प्रिंग घातली. ती एका बेंडपाशी अडली. जुन्या वायरी सावकाश बाहेर काढल्यावर रबराचा चुरा निघाला, पाइप मोकळा झाला, आणि मग स्प्रिंग गेली. या कामात सर्वांत जास्त वेळ इथेच गेला, आणि भाच्याच्या कपाळावर आठ्याही इथेच आल्या.

मुख्य बोर्डापासून हॉलच्या स्विचबोर्डापर्यंतचा कन्ड्युट भरलेला होता. त्यातल्या रबरी वायरी हलवायच्या नव्हत्या, म्हणून अर्थची वायर भिंतीवरून केसिंग-कॅपिंगमधून, म्हणजे झाकणाच्या पट्टीतून, आणली. दिसायला बरी नाही, बाईंनी नाक मुरडलं, पण रंगकामाच्या वेळी ती निघणारच आहे.

फेज-न्यूट्रलची दुरुस्ती मुख्य बोर्डावर दोन वायरींची अदलाबदल एवढीच होती. ती करण्याआधी वायरमननी सगळ्या पॉइंट्सची यादी पुन्हा पाहिली, आणि इथे एक वळण आलं. मागच्या खोलीतला एक स्विचबोर्ड आधीच बरोबर होता. कुणीतरी कधीतरी तिथली चूक ओळखून त्या बोर्डापुरत्या वायरी उलट जोडल्या होत्या. मुळात अदलाबदल केली की नेमका तोच बोर्ड उलटा झाला असता. यादी न करता बाकीच्या ठिकाणांवरून अंदाज घेतला असता तर एक चूक दुरुस्त करून दुसरी पेरली गेली असती. तो बोर्ड आधी मूळ स्थितीत आणला, मग मुख्य अदलाबदल, मग सगळ्या पॉइंट्सची पुन्हा तपासणी. ही सगळी तपासणी स्विचबोर्ड आणि सॉकेटपाशीच केली. छताची बाकीची फिटिंग्ज उघडली नाहीत, उगाच रबर हलायला नको म्हणून.

या सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे अर्थकडे एवढी गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवली. जुन्या वायरिंगवर ती सतत पडेल अशी भीती असते. गणित करून पाहिलं : ०.३ मेगाओहमवरही २३० व्होल्टला गळती एक मिलिअँपिअरपेक्षा कमीच, म्हणजे ती पडायचं कारण नव्हतं. त्याच गणिताची दुसरी बाजू अशी की आरसीसीबी शांत आहे म्हणून इन्सुलेशन चांगलं आहे, असा अर्थ निघत नाही. शिवाय फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकाच वेळी हात लागला तर ती वाचवत नाही, आणि सैल जोड तापला तरी तिला कळत नाही.

छतातला लाकडी गोल ठोकळा भुसभुशीत झाला होता. तो काढून स्लॅबमध्ये नवे फास्टनर मारले आणि दिव्याचा तळ त्यावर घट्ट केला.

परिणाम

संपूर्ण सर्किटचा नवा आकडा २.३ मेगाओहम आला. बटण बंद केल्यावर दिव्यापाशी फेज राहत नाही, हे टेस्ट लॅम्पने दाखवून झालं. शेजारच्या खोलीतलं मिणमिणणं त्याच संध्याकाळी थांबलं, आणि घरातल्यांच्या दृष्टीने सर्वांत पटणारा पुरावा तोच ठरला. एमसीबीच्या डब्याच्या दारावर आतून कागद चिकटवला : कुठला एमसीबी कुठल्या खोल्यांचा, कुठला उतार नवा, मेगरचे आकडे आणि तारीख.

सगळं सुटलं असं नाही. घरातलं दिव्यांचं दुसरं सर्किट याच काळातल्या रबरी वायरींचं आहे आणि त्याचा मेगर त्या दिवशी झाला नाही. तिथलं फेज-न्यूट्रल बरोबर निघालं, म्हणून बाईंनी ते काम पुढे ढकललं. वायरमनना हे आवडलं नाही आणि मलाही त्यांचीच बाजू योग्य वाटते. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. जोड बरोबर असूनही इन्सुलेशन संपलेलं असू शकतं.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम बदलता आला असता. दिवा आधी विकत आला, वायर नंतर पाहिली गेली. त्यामुळे धातूची बॉडी आणि नसलेली अर्थ यांची गाठ काम अर्ध्यावर असताना पडली. आधी फक्त काच उतरवून, पुरवठा बंद करून, तळाशी किती वायरी आहेत, अर्थ आहे का, रबर की पीव्हीसी, एवढं पाहिलं असतं तरी दुकानात वेगळा दिवा निवडला गेला असता.

एमसीबीचा बोर्ड बदलला त्या दिवशी प्रत्येक सॉकेटला टेस्ट लॅम्प लावला असता तर चूक तिथेच सापडली असती. बोर्ड बदलणाऱ्याने दिवे लावून पाहिले, आणि दिवे उलट्या जोडणीतही लागतात. बोर्ड बदलून घेणाऱ्या कुणीही ‘लाइट लागली’ यावर पैसे देऊ नयेत. प्रत्येक पॉइंटचा फेज कुठे आहे ते समोर दाखवायला सांगावं.

वायरमनच्या बाजूनेही एक गोष्ट सुचते. अर्थची वायर केसिंगमधून आणलीच होती, तर त्याच केसिंगमधून मुख्य बोर्डापासून हॉलपर्यंतची नवी फेज-न्यूट्रलही आणता आली असती. वायर थोडी जास्त लागली असती, पण सर्किटचा सर्वांत जास्त भार वाहणारा तुकडा नवा झाला असता. त्यांचं उत्तर असं की जुन्या स्विचबोर्डातले मुख्य जोड उघडले की तिथून पुढे जाणाऱ्या रबरी वायरी हलल्या असत्या. मुद्दा योग्य आहे. तरी तो बोर्ड तपासणीसाठी उघडलेलाच होता, त्यामुळे मला हा निर्णय दोन्ही बाजूंनी घेता येण्यासारखा वाटतो.

रंगकामापर्यंतच्या काळासाठी ठरलं ते असं : पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर दोन्ही सर्किटांचा मेगर घ्यायचा, आकडे त्याच कागदावर लिहायचे. कुठलाही आकडा १ मेगाओहमच्या खाली आला, तर रंगकामाची वाट न पाहता ते सर्किट बंद ठेवून वायरी बदलायच्या.